डाव्या पायाखालच्या वाळूपिसवा

टॉपसेल बेट, नॉर्थ कॅरोलायना
२५ एप्रिल १९८८

जिनेव्हा,

'पडलीस तर मला फोन करू नकोस,' असं तू म्हणालीस. म्हणून फोन करत नाही, पत्र लिहितेय. पडलेले नाही.

चर्चची गाडी समुद्राकडे येणारच होती, तिच्यात बसून आले. साखरेच्या डब्याखाली ठेवलेली चिठ्ठी मिळाली असेल. आई पळून गेली, असं शेजारणींना सांगत बसू नकोस. अडुसष्ट वर्षांची बाई पळत नाही, आणि मी तर नाहीच नाही. ती चार पायांची काठी सांभाळत गाडीत चढायलाच मला इतका वेळ लागला की तेवढ्यात ड्रायव्हरने एक अख्खं सफरचंद खाऊन संपवलं.

घर ठीक आहे. हिवाळ्यात एक खिडकी तडकली आणि उंदरांनी तुझ्या वडिलांची टोपी कुरतडली, बाकी सगळं जागच्या जागी. पुढच्या अकरा पायऱ्या मी कशा चढले याचा विचार करत बसशील. चढले. तपकिरी झग्याची मागची बाजू फाटली आहे, एवढंच सांगते.

तुझे व्यायाम करते. रबरी चेंडू दाबते, म्हणजे डावा हात त्याच्यावर ठेवते आणि चेंडूची समजूत घालते. ऑक्टोबरातल्या झटक्यापासून पाय तसाच. काल टाचणी टोचून पाहिली, लाकडात टोचल्यासारखी आत गेली. डोकं आणि जीभ मात्र शाबूत. जिभेचं तर तुला माहीतच आहे.

समुद्रावर जाणार नाही. व्हरांड्यातून बघते फक्त.

तुझी आई


११ मे

जिनेव्हा,

या पत्रात वाळू सापडेल. वाऱ्याने उडून आली असं लिहिणार होते. पण नर्सशी खोटं बोलण्यात काय अर्थ आहे? पाण्यापर्यंत गेले होते. आधी सगळं वाच, मग चीड.

फेनेल आठवतात? विल्मिंग्टनला केस कापायचं दुकान होतं त्यांचं. आता दुकान विकून पलीकडच्या निळ्या घरात कायमचे राहायला आलेत. दोन कलिंगडांएवढं पोट झालंय, आणि बोलणं तसंच, खुर्चीत गिऱ्हाईक बसलंय आणि कुठे जाऊ शकत नाही असं. एका सकाळी व्हरांड्यासमोर उभे राहून म्हणाले, "मिस अर्व्हेला, पंधरा दिवस बघतोय, तुम्ही समुद्राकडे असं बघता जसं काही त्याने तुमची कोंबडी चोरली. चला, खुर्ची मी उचलतो."

"मला यायचं असतं तर मी आले असते," मी म्हटलं.

"हो ना. म्हणून तर खुर्ची आणलीय."

त्यांनी खुर्ची ओल्या वाळूत रोवली, मला तिच्यात बसवलं आणि स्वतः गळ टाकायला गेले. बाजारची गोठवलेली कोळंबी लावतात. सकाळभर कोळंबी टाकायची आणि रिकामा गळ ओढायचा, हाच उद्योग. लहान मासे कोळंबी कुरतडून पळतात आणि हे आपले गळाची काठी धरून उभे. मी बसल्या जागेवरून पाहत होते. लाट मागे सरताना वाळूवर त्या बारीक बारीक टोकदार रेघा उठत होत्या, पाण्याला कुणी खाली धरून ठेवल्यासारख्या. शेकडो. वाळूपिसवा! सगळा समुद्रकिनारा आमिषाने भरलेला, आणि त्या आमिषावर उभा राहून हा माणूस दुकानातली कोळंबी लावतोय.

"फेनेल," मी ओरडले, "तुमच्या पायाखाली बघा!"

"काय, साप?"

"वाळूपिसवा! त्या लावा!"

"ते किडे?"

"किडे नाहीत, खेकडे आहेत. नांगीसुद्धा नाही त्यांना, घाबरू नका. लाट मागे गेली की दोन्ही हातांनी वाळू उपसा."

त्यांनी उपसली. ओंजळभर वाळू आणि एकही पिसू नाही. अंगठ्याच्या पेराएवढा तो राखाडी जीव उलटा उलटा वाळूत घुसतो आणि तुम्ही वाकेपर्यंत वीतभर खाली गेलेला असतो. तीनदा उपसलं, तीनदा रिकामे. मला राहवेना. मी बूट काढले. डाव्या पायातला काढायला बराच वेळ लागला. काठी घेऊन उठले आणि चार पावलं पाण्यात गेले. फक्त चार. पाणी घोट्यापर्यंतसुद्धा नव्हतं.

लाट आली, गेली. दोन्ही पाय वाळूत रुतले. उजव्या पायाखाली वळवळ सुरू झाली, लहानपणापासून माहीत असलेली. मी उभी राहिले. दुसरी लाट आली, गेली. आणि मग जिनेव्हा, डाव्या पायाखाली कुणीतरी गुदगुली केली.

मला वाटलं भास आहे. हललेच नाही. तिसरी लाट. पुन्हा तेच, टाचेच्या पुढच्या खळग्यात, एक नाही, तीन-चार. सुईच्या टोकाने हलकंच खाजवल्यासारखं. ऑक्टोबरपासून त्या पायाने मला एक शब्द पाठवला नव्हता, आणि आता एका खेकड्याच्या मार्फत निरोप.

मी किंचाळले. फेनेलना वाटलं दुसरा झटका आला. गळाची काठी फेकून धावत आले, पट्टा सैल, पॅन्ट एका हातात धरलेली. "बसा, बसा, जीभ बाहेर काढा, हसून दाखवा!" तुम्ही नर्स मंडळी लोकांना हे कुठून शिकवून ठेवता कोण जाणे. मी हसतच होते. मला थांबताच येत नव्हतं. शेवटी तेही हसायला लागले आणि त्यांची पॅन्ट खाली आली.

आता तू चीड. पण आधी सांग, सात महिने डॉक्टरांनी केलेल्यात असं काही होतं का?

आई


६ जून

जिनेव्हा,

तुझं पाकीट मिळालं. रक्तदाबाच्या गोळ्या, आणि चिठ्ठीवर एकच शब्द: 'घे.' घेतेय. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. चिठ्ठी आरशाला लावलीय.

चेंडू फेनेलच्या कुत्रीला दिला. रागावू नकोस, त्याच्याऐवजी मी दुसरं काम धरलंय. लाट मागे गेली की डावा हात वाळूत खुपसायचा आणि पिसू निसटायच्या आत मूठ मिटायची. पहिल्या दिवशी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. चौथ्या दिवशी मूठ उघडली तर आत एक होती, आणि तीही बहुधा म्हातारी असावी, पळायचा कंटाळा आलेली. फेनेलनी टाळ्या वाजवल्या. आज एकोणीस पकडल्या. तुझ्या दवाखान्यातल्या त्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईला सांग, चेंडू पळत नाही म्हणून मूठ वळत नाही.

पकडून झाल्यावरचं काम अवघड. पिसू डाव्या हातात धरायची, पोट वर, आणि उजव्या हाताने गळ शेपटीच्या बाजूने घालून पाठीतून काढायचा. जोरात धरली तर चिरडते, सैल धरली तर गेली. बोटांना जोर आणि हळुवारपणा दोन्ही एकदम लागतो. पहिल्या आठवड्यात मी निम्म्या चिरडल्या. फेनेल म्हणाले, "मिस अर्व्हेला, तुम्ही आमिष लावताय की चटणी करताय?"

"तुमची कोळंबी कुणी खाल्ली ते सांगा आधी," मी म्हटलं.

पोटाखाली केशरी अंडी असलेल्या माद्या सगळ्यात चांगल्या. त्या दिसल्या की पॉम्पानो मासा विचार करत नाही. गुरुवारी पहिला लागला, वीतभर, पिवळं पोट. काठी वाळूत रोवलेली होती, मी फक्त रीळ फिरवलं, पण फिरवलं मीच. मक्याच्या पिठात घोळवून तळला. अर्धा फेनेलना दिला. ते आता कोळंबी लावत नाहीत. कोळंबी त्यांनी कधीच लावली नव्हती असं सांगत फिरतात.

पडले. एकदा. दुसऱ्यांदा पडले ते मोजत नाही, कारण तेव्हा लाटेने पाडलं. गुडघाभर पाणी होतं, फेनेलनी काखेत हात घालून उभं केलं, अंगावर एक ओरखडा नाही. तुला सांगणार नव्हते.

आई


४ जुलै

जिनेव्हा,

आज धक्क्यावर स्वातंत्र्यदिनाची गर्दी आहे. सगळी बाहेरगावची मंडळी, पोरं, ढोल, कलिंगडं. मी घरी आलेय. तुला एक गोष्ट लिहायची आहे, ती गर्दीत लिहून होणार नाही.

सकाळी बर्फ आणायला धक्क्यावरच्या दुकानात गेले होते. क्लॉडिन गल्ल्यावर होती. मला पाहून हसली, बरं वाटतंय ना विचारलं, आणि मग म्हणाली, "आणि जिनेव्हाचा गुडघा? ऑपरेशन केलं का तिने?"

मी म्हटलं, "कुठला गुडघा?"

तिने गल्ला बंद केला. "मिस अर्व्हेला, तुम्हाला माहीत नाही? ऑक्टोबरात तुम्हाला पाण्यातून ओढताना तिचा पाय खड्ड्यात गेला. गुडघा फिरल्याचा आवाज मला धक्क्यावर ऐकू आला. तशीच ती तुम्हाला ओढत वर आली. चर्चचे कपडे होते अंगावर. रुग्णवाहिका येईपर्यंत ती उभीच होती, कारण बसली असती तर तिला उठता आलं नसतं."

मी बर्फ तिथेच विसरून आले.

जिनेव्हा, मी सहा महिने तुझ्या घरात राहिले. तुला लंगडताना रोज पाहिलं. मला वाटलं वॉर्डात उभं राहून राहून पाय दुखतात. विचारलं नाही. विचारावंसंच वाटलं नाही, कारण मला फक्त माझाच पाय दिसत होता. त्या ऑक्टोबरात तू मला सांगितलं होतंस की थंडी आहे, पाण्यात जाऊ नकोस. मी गेले. आमिष उपसता उपसता वाकले ती उठलेच नाही. तोंडात खारं पाणी गेलेलं आठवतं आणि नंतर एकदम तुझा चेहरा, केस सगळे भिजलेले. नुकतेच पार्लरमधून करून आणले होतेस तू, रविवारसाठी.

आणि एप्रिलमध्ये, तू मला आंघोळ घालत असताना, मी तुला म्हणाले, 'त्या दिवशी मला तिथेच सोडायला हवं होतंस.'

तू मला टॉवेल दिलास. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवलास. मी ऐकत होते. दोन दिवसांनी मी निघायचं ठरवलं तेव्हा तू ते फोनचं बोललीस. मी तेवढंच लक्षात ठेवलं आणि माझं वाक्य विसरून गेले. सोयीचं होतं ते.

ते वाक्य मी मागे घेते. नुसतं वाईट बोलले म्हणून नाही. ते खोटं होतं, आणि आता मला ते कळलंय. सोडलं असतंस तर हा मे महिना, ही गुदगुली, हा पॉम्पानो, फेनेलची पॅन्ट, यातलं काही मला मिळालं नसतं. तू मला हे सगळं दिलंस, एका गुडघ्यावर, आणि मी साधं 'कशी आहेस' म्हटलं नाही.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. गोळ्या घेतेय.

आई


१५ ऑगस्ट

जिनेव्हा,

उत्तर नाही. ठीक आहे. मी सांगितलंच होतं.

खबर एवढीच की चार पायांची काठी आता घरात असते. वाळूत मी तुझ्या वडिलांची साधी काठी नेते. परवा फेनेलनी मला लांब फेकायला शिकवलं. म्हणजे ते शिकवत होते आणि मी ऐकून घेत होते, कारण ते केस कापायला शिकत होते तेव्हाही मी इथे उभी राहून गळ फेकत होते. डावा हात खाली, उजवा वर, कमरेतून वळायचं. गळाचं पहिलं शिसं माझ्या पायाशी पडलं. दुसरं फेनेलच्या टोपीवरून गेलं. ते म्हणाले, "मी घरी जातो, तुम्ही शिका." दहावं शिसं लाटांच्या पलीकडे पडलं, जिथे पाणी गडद होतं, तिथे. अजून कुठे दुखतंय ते विचारू नकोस. सगळीकडे.

आई


२६ सप्टेंबर

जिनेव्हा माझ्या बाळा,

शनिवारी तू फोनवर सगळं ऐकलंस, पण क्लॉडिनच्या तोंडून. ती बाई अर्धं गाळते आणि अर्धं वाढवते. म्हणून इकडे खरं काय झालं ते लिहिते.

सकाळपासून वारा ईशान्येचा होता. धक्क्याच्या उत्तरेला लाटांनी एक खोल चर कापला आहे, दोन वाळूच्या उंचवट्यांच्या मधोमध. असल्या जागी मोठा मासा किनाऱ्याच्या अगदी जवळ येतो, लाट फुटून वाळू उकरली जाते ना, तिथे पिसवा खायला. मी गळाला तीन लावल्या, तिन्ही अंड्यांच्या माद्या. फेनेल म्हणाले, "एवढ्याशा पाण्यात एवढं आमिष? कोण येणार आहे जेवायला?"

मी म्हटलं, "कळेल."

दहा मिनिटं काही नाही. मग दोरी सैल पडली. ओढ नाही, झटका नाही, नुसती सैल. पोहता पोहता तो माझ्याच दिशेने येत होता. मी भराभर रीळ गुंडाळलं, दोरी ताठ झाली आणि त्याला कळलं. जिनेव्हा, काठी अशी वाकली की टोक पाण्यात गेलं. रीळ किंचाळायला लागलं. मी काठीचा बुडखा पोटाशी घेतला, डावा हात वर, उजवा रिळावर.

"द्या इकडे!" फेनेल ओरडले.

"हात लावलात तर बोटं तोडीन!"

आणि नेमक्या त्याच क्षणी क्लॉडिन दुकानाच्या खिडकीतून, फोनची वायर ताणून, ओरडली, "मिस अर्व्हेलाऽऽ! जिनेव्हाचा फोन! घरी उचलत नाही म्हणून घाबरलीय!"

पाच महिने. पाच महिने मी ज्या फोनची वाट पाहिली तो आला, आणि माझ्या दोन्ही हातांत मासा. एका क्षणी वाटलं, देऊन टाकावी काठी फेनेलना आणि जावं. खरंच वाटलं. मग वाटलं, मला तुला नेमकं काय ऐकवायचंय? मी धापा टाकत धक्क्यापर्यंत आले, हे? की हा मासा मी स्वतः काढला, हे?

"तिला सांग थांब!" मी ओरडले.

"काय सांगू?"

"थांब म्हणून! मासा लागलाय!"

पुढचं तू ऐकलंस. "नाही गं, बरी आहे ती! मासा लागलाय!... नाही, मोठा!... फेनेल? फेनेल तिच्या मागे उभे आहेत, पट्टा धरून!" हे खरं आहे. काठीला हात लावला नाही, पण माझा कमरेचा पट्टा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. म्हणत होते, "तुम्ही पडलात तर ती पोरगी डरहॅमहून येऊन मला गाडेल." मासा खेचायचा तसे आम्ही दोघं वाळूवरून पुढे जायचो, थांबायचो, मागे यायचो. धक्क्यावरची सगळी माणसं कठड्याशी आली होती. कुणीतरी ओरडलं, "फेनेल, नाचायला कधीपासून लागलास?"

पंधरा मिनिटांनी डावा हात दमला. बोटं उघडतील असं वाटलं. मी त्याच्याशी बोलले, मोठ्याने, लाज न बाळगता: "धर. तू एकोणीस धरल्यास, तू चाळीस धरल्यास, हाही धर." आणि त्याने धरलं. मासा दक्षिणेला निघाला, मीही त्याच्या मागे निघाले, दोन घरं ओलांडून, ओल्या वाळूतून, लाटांतून. पट्टा फेनेलच्या हातून केव्हा सुटला हे मला कळलंच नाही. ते मागे राहिले होते, धापा टाकत. मी एकटी चालत होते. डावा पाय टाकत होते तिथे पडत होता.

शेवटी लाटेच्या अंगात तो दिसला. काळा, रुंद, हनुवटीखाली मिशा. ढोल्या मासा! एवढा मोठा ढोल्या तुझ्या वडिलांनीही किनाऱ्यावरून काढला नव्हता. मोठी लाट येईपर्यंत थांबले, ती आली तेव्हा मागे मागे चालत गेले, आणि लाटेनेच त्याला उचलून माझ्यासमोर वाळूवर ठेवलं. तो घुमायला लागला, पोटातून, ढोल वाजवल्यासारखा. मी गुडघ्यांवर बसले आणि त्याच्या पाठीवर डावा हात ठेवला. तो घुमत होता ते मला तळहातात लागत होतं. सगळ्या पाचही बोटांत.

धक्क्यावर लोक ओरडत होते. क्लॉडिन फोनमध्ये ओरडत होती. अडतीस पौंड भरला, धक्क्यावरच्या काट्यावर, सगळ्यांसमोर.

मग मी पायऱ्या चढून फोनपाशी आले. धाप लागली होती. पलीकडे तू चाळीस मिनिटं फोन धरून बसली होतीस. मग तू म्हणालीस, "किती भरला?" आणि मी सांगितलं, आणि तू इतकी रडलीस की क्लॉडिनने स्टूल आणून दिलं, मला.

मला ते सगळं आठवतंय. तुझं ते वाक्यही: "आई, बारा तारखेला ऑपरेशन आहे. तीन आठवडे मला पायऱ्या चढता येणार नाहीत. कुणीतरी लागेल घरात." मी विचारलं, कोण येतंय? तू म्हणालीस, "म्हणूनच फोन केला."

शुक्रवारी, सात तारखेला, दुपारी दोनला बस पोचते. एकटी येतेय. फेनेल सोबत येतो म्हणत होते, मी त्यांना कुत्री सांभाळायला सांगितलं. तुझ्या घरात मी जे सहा महिने केलं ते तू माझ्याशी खुशाल कर: ओरड, चीड, जेवण नको म्हण. आंघोळ मी घालीन. तू वाटेल ते बोललीस तरी मी नळ सोडून रडत बसणार नाही, तिथेच बसून ऐकेन.

ढोल्या चार घरांत वाटला, पण मानेजवळचे चांगले तुकडे मी गोठवून ठेवलेत. बटाटा, कांदा आणि खारवलेलं डुकराचं मांस घालून पातळ कालवण करीन, ते पोटाला जड होत नाही. बर्फाचा डबा मोठा आहे, भरल्यावर बराच जड होतो. बसमधून उतरताना मी तो कुठल्या हातात धरलाय, तेवढं मात्र नीट बघ.

तुझी आई